मंझिलचा मूळ रंग

वसमतच्या बाजारातली आमची इमारत हा वारसा आहे, हे मला सत्तरी ओलांडल्यावर पोस्टाने कळलं. माझा धाकटा भाऊ दिगू अजून तिथेच राहतो. त्याने परभणीला माझ्याकडे एक जाडजूड अहवाल पाठवला आणि वर चिठ्ठी जोडली, 'आक्का, आपलं घर आता साधं राहिलं न्हाई. निवांत वाच.' मी निवांत वाचला. जन्मभर मास्तरकी केल्यामुळे हातात लाल पेन घेऊनच वाचला, ती सवय काही जात नाही. जिथे आम्ही सगळ्यांनी एका मोरीत आळीपाळीने अंघोळी केल्या, ती वास्तू म्हणजे 'दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या शहरी व्यापारी वास्तुकलेचा मराठवाड्यातील दुर्मीळ नमुना' आहे, असं त्यात लिहिलं होतं. एवढं लांबलचक वाक्य आमच्या घराबद्दल याआधी फक्त नोटिशीत आलं होतं.

अहवालाचं म्हणणं थोडक्यात असं. इमारतीच्या गोल खिडक्यांवर मुंबईकडच्या सागरी शैलीचा प्रभाव आहे. भिंतींचा मूळ रंग तांबडा असून तो बहुधा मुद्दाम बाहेरून मागवलेला खनिज रंग आहे. जतन करताना तोच द्यावा. आणि इमारतीचे निर्माते कै. रामराव, त्या काळातले दूरदृष्टीचे हळद व्यापारी. पहिल्या दोन गोष्टी वाचून मी एकटीच घरात मोठ्याने हसले. तिसरी वाचली आणि पेनाला टोपण लावून ठेवलं. रामराव म्हणजे आमचे आजोबा. आता जिथे सिद्धेश्वरचं धरण आहे त्याच्या खालच्या अंगाला एका खेड्यात त्यांचा जन्म गेला. त्यांना जिना चढायची भीती वाटे, आणि त्यांनी आयुष्यात बांधलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे गुरांचा गोठा. इमारतीच्या माथ्यावर ज्याचं नाव होतं तो माणूस दुसराच होता. ते नाव खाली उतरलं तेव्हा मी तिथे उभी होते. ते परत वर का गेलं नाही हेही मला ठाऊक आहे, आणि त्यात माझा हात आहे, म्हणून हे लिहायला बसले.

इमारत बाजाराच्या वळणावर होती. खाली उंच जोत्याची दुकानं, वर राहायची जागा, आणि कोपरा टोकदार न ठेवता गोल वळवलेला. त्या गोलाईत दोन गोल खिडक्या. छतावर, रस्त्याच्या बाजूला, कमानीसारखी उंच भिंत होती; तिला सगळे माथा म्हणत. त्या माथ्यात काळ्या दगडाची एक पाटी बसवलेली आणि तिच्यावर उर्दूत कोरलेलं, 'इब्राहीम मंझिल'. निजामाच्या राज्यात कापसाचा धंदा तेजीत असताना इब्राहीमसेठ नावाच्या व्यापाऱ्याने ती बांधली. गोल खिडक्यांचं म्हणाल तर गवंड्याने विचारलं की गोल साचा कुठून आणू, तेव्हा सेठने दारातल्या बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा काढून दिल्या. ती गाडी पुढे कितीतरी दिवस दगडांवर टेकून उभी होती म्हणे. वसमतपासून समुद्र किती लांब आहे हे मी पोरांना नकाशावर पट्टी ठेवून शिकवलेलं आहे, त्यामुळे सागरी प्रभावाबद्दल मी अधिक बोलत नाही.

माझ्या लहानपणी सेठ नव्हते, त्यांचा मुलगाही नव्हता. वरच्या मजल्याच्या मागच्या अर्ध्या भागात सेठची विधवा सून राहायची. तिला सगळा बाजार आपा म्हणायचा, आम्हीही आपाच म्हणायचो. तिचे दोन मुलगे हैदराबादला नोकरीत होते. पुढचा अर्धा भाग आम्हाला भाड्याने दिलेला, आणि खालची मोठी जागा माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, हळदीच्या ढोलासाठी. शिजवून वाळवलेली हळद जाळीच्या मोठ्या ढोलात भरून गरागरा फिरवली की तिची साल निघते आणि हळकुंडाला चकाकी येते. होळीपासून मिरगापर्यंत हा ढोल सकाळी सुरू व्हायचा तो दिवेलागणीला थांबायचा. त्याची खडखड इतकी अंगवळणी पडली होती की तो थांबला की माय दचकून विचारायची, 'काय झालं गं?' आजही कुठे फार शांत असलं की मला काहीतरी बिघडलंय असं वाटतं.

ढोलातून उडायची ती धूळ. पिवळी, मऊ, कुठेही शिरणारी. आमच्या घरात पांढरं असं काही टिकायचं नाही. भात ताटात वाढेपर्यंत पांढरा असायचा. दुधावर झाकण ठेवलं तरी साय पिवळसरच. मायने ज्वारीची भाकरी थापून तव्यावर टाकली की पाणी लावायच्या आत तिच्यावर धंद्याची सही उमटलेली असे. माझ्या शाळेच्या पांढऱ्या ब्लाउजचा रंग पाहून बाई म्हणायच्या, 'शकुंतला, तुमच्याकडे रोजच कुणाचं तरी लग्न असतं का?' पाहुणे सोप्यात बसले की उठताना मागून कसे दिसतील याचं मायला फार टेन्शन यायचं, ती त्यांना आधीच जुनी चादर अंथरून द्यायची. भिंतीची तर कथाच वेगळी. बाहेरून इमारत कधीकाळी पांढरी होती, पण मी पाहिली तेव्हापासून ती पिवळीच होती. पावसाळ्यात थोडी धुतली जायची आणि पुढच्या होळीला पुन्हा हळदीला लागायची.

आपाची आणि मायची गॅलरी एक, मध्ये कमरेइतकी भिंत. या भिंतीवरून वाट्या इकडून तिकडे जायच्या. माय सोवळ्याची नव्हती, पण आपाच्या घरचं शिजवलेलं खायचं नाही असा तिने एक नियम सासूच्या धाकाने घालून घेतला होता. ईदला दुधातल्या शेवया आल्या की मात्र तिने स्वतःच निकाल दिला की दूध काही शिजवलेलं नसतं, ते तापवलेलं असतं. पुढे याच न्यायाने आंबट वरण, मग बगाऱ्या वांग्याचं सार, असं एकेक प्रकरण तापवलेल्यात जमा झालं. आपाला आमच्या पुरणपोळीत अडचण नव्हती, फक्त ती तिच्यावर दूध घ्यायची आणि माय तूप. या प्रश्नावर दोघींची जन्मात एकवाक्यता झाली नाही.

आपाने मला उर्दू अक्षरं शिकवली. पुस्तकातून नव्हे. ती मला रस्त्याच्या पलीकडे नेऊन उभी करायची आणि माथ्यावरच्या नावाकडे बोट दाखवायची. अलिफ, बे, रे. मी आधी 'इब्राहीम' वाचायला शिकले आणि मग बाकीची भाषा. वर्षातून एकदा, ईदच्या आधी, ती गड्याला शिडीवर चढवून ती पाटी धुऊन घ्यायची. स्वतः बुरख्यात, हातात छत्री, खाली रस्त्यात उभी राहून सूचना करायची. गडी सांगायचा की अक्षरांतली हळद काही निघत नाही, आत घट्ट बसलीय. ती म्हणायची, रहने दे, नाम सोने का दिख रा. आमच्या अण्णांचं सगळं शिक्षण निजामाच्या काळातलं, म्हणजे उर्दूत झालेलं. मराठी ते हिशेबापुरती लिहायचे. उर्दू पेपर आधी ते वाचायचे आणि मग तो भिंतीवरून आपाकडे जायचा. आपा त्यांना अण्णाच म्हणायची, आणि त्यांच्या शब्दावर तिचा फार भरवसा होता. तो सगळ्या बाजाराचाच होता. अण्णांनी तोंडाने सांगितलेली हळद कधी उशिरा पोचली नाही.

त्या वर्षी वळवाच्या सरीत माथ्याचा गिलावा सुटला आणि खाली बसलेल्या टरबूजवाल्याच्या ढिगावर पडला. माणसाला काही झालं नाही, दोन टरबुजं गेली. पण बोभाटा झाला. आठवड्याभरात नोटीस आली की इमारत धोकादायक वाटते, इंजिनिअर येऊन पाहील, आणि त्याच्या मते धोका असेल तर पाडावी लागेल. त्याच टपालाने आपाच्या मुलांचं पत्र आलं. आज ना उद्या ती पडणारच, विकून टाकू, तू हैदराबादला ये. आपा ते पत्र घेऊन गॅलरीत आली आणि तिने अण्णांना ते वाचून दाखवलं. मी तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होते, तिथेच गहू निवडत बसलेले.

"मेरे कू हैदराबाद में भी छत मिलती," आपा म्हणाली. "पर मेरे ससुर का नाम उधर कहाँ है? इधर नाम है सो घर है, अण्णा. नाम नै तो खाली दिवारां हैं."

अण्णा म्हणाले, "तुमी फिकर करू नका आपा. ह्या इमारतीचं एक टवकं निघू देणार न्हाई मी."

आणि मग अण्णांनी जे केलं ते चांगल्या मनाने केलं, हे मी शपथेवर सांगेन. इंजिनिअर यायच्या दिवशीच सकाळी पुढच्या भिंतीला चुना मारायचा त्यांनी बेत केला. पांढऱ्याशुभ्र, ओल्या भिंतीवर भेगा दिसत नाहीत, असा त्यांचा हिशेब. आखाडा बाळापूरहून लिंबाजी रंगारी बोलावला. आदल्या दिवशी बांबूची परांची बांधली, भिंत कुंच्याने खसाखसा झाडून घेतली. पिवळी धूळ ढगासारखी उडाली, आणि भिंत पुष्कळ उजळली. झाडण्याने वरची हळद गेली. भेगांच्या आत वर्षानुवर्षं ठासून बसलेली हळद तशीच राहिली, पण ती कुणाच्या लक्षात आली नाही.

एकीच्या लक्षात आली. कळीचा चुना पिंपात रटरटत होता तेव्हा माय जिन्यात येऊन उभी राहिली. ती दरवर्षी घरच्या हळदीला चुन्याची निवळी लावून कुंकू करायची, आमच्या वाड्यावस्तीवरच्या सगळ्या बायका तिचं कुंकू न्यायच्या. ती अण्णांना हळूच म्हणाली की हळदीवर चुना घालून राहिलात, जरा इचार करा. अण्णा घाईत होते. ते म्हणाले, "भिंत म्हंजी काय कपाळ हाय का?" लिंबाजी हसला, गडी हसले, माय वर निघून गेली. सगळा जन्म हळदीत काढलेल्या माणसांना हळदीला चुना लागल्यावर काय होतं हे माहीत नव्हतं असं कोण म्हणेल. माहीत सगळ्यांना होतं, फक्त ते चुलीपाशी माहीत होतं. बाजारात ते कुणाला आठवलं नाही.

पहिला हात फिरला तेव्हा भिंत छान पांढरी दिसली. अण्णांनी चहा सांगितला. चहा येईपर्यंत माथ्याच्या डाव्या अंगाला एक बारीक तांबडी रेघ उमटली. मग तिला फाटा फुटला. मग उजवीकडे दुसरी. लिंबाजीने घाबरून त्यावर आणखी चुना मारला, तशी ती जास्तच लाल झाली. जिथे जिथे भेग होती तिथे तिथे आतली हळद ओली होऊन कुंकवाची ओळ वर आली. अर्ध्या तासात पांढऱ्या भिंतीवर प्रत्येक भेग, मोठी असो की केसाएवढी, लाल रंगात काढून ठेवलेली होती. जी लपवायची म्हणून सगळा खटाटोप, ती अख्खी यादीच भिंतीने वाचून दाखवली. बाजार जमा झाला. पलीकडचा भांडीवाला म्हणाला, अण्णा, मुहूर्त कधीचा? आपा गॅलरीतून वाकून पाहत होती. तिने तोंडाला पदर लावला होता, आणि मला वाटलं ती रडतेय.

"शकूबी," ती मला म्हणाली, "देख, तेरे अण्णा ने मेरे ससुर की मंझिल कू सुहागन बना दिए." आणि ती हसतच सुटली. मायही हसली. त्या दोघी त्या दिवशी जितक्या हसल्या तितक्या मी त्यांना पुन्हा हसताना पाहिलं नाही.

इंजिनिअर एसटीने आला आणि चालत वळणावर आला. सडपातळ, छत्री घेतलेला, बोलायला कमी. तो रस्त्याच्या मधोमध थांबला आणि बराच वेळ वर पाहत राहिला. अण्णांच्या तोंडचं पाणी पळालेलं. मग त्याने वही काढून त्या लाल रेघा एकेक करून वहीत उतरवून घेतल्या. परांचीवर चढला, बोट लावून पाहिलं, खाली उतरला आणि अण्णांना म्हणाला, "मी इतकी वर्षं हे काम करतो. लोक भेगा बुजवून ठेवतात, वर कॅलेंडर लावतात. मला दिसाव्यात म्हणून भेगांवर लाल खुणा करून ठेवणारा मालक मी पहिल्यांदा पाहिला."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, लिंबाजीकडे पाहिलं, आणि घसा साफ केला. "हळदीच्या धंद्यात लपवाछपवी चालत न्हाई साहेब," ते म्हणाले.

गंमत अशी की त्या खुणांनीच इमारत वाचवली. खुणा नीट पाहिल्यावर साहेबाच्या लक्षात आलं की झाडून सगळ्या भेगा माथ्यात आहेत. छज्ज्याच्या खाली एकही उतरलेली नाही. गोल कोपरा, खिडक्या, भिंती ठणठणीत आहेत. माथा तेवढा पावसाच्या आत उतरवा, बाकी इमारतीला धोका नाही, असं त्याने तिथल्या तिथे लिहून दिलं. अण्णांनी तो कागद दोन्ही हातांनी घेतला. बाजाराने मान डोलावली. सगळं भलं झालं होतं, फक्त आपाचं नाव माथ्यात होतं.

अण्णा तो कागद घेऊन गॅलरीच्या भिंतीपाशी गेले. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. माथा उतरवायचा, पाटी जपून काढायची, पावसाळा संपला की लहानसा मजबूत माथा बांधून पाटी पुन्हा जागेवर. आपाने ऐकून घेतलं. सकाळचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

"नाम एक बार उतरा सो फिर चढता नै, अण्णा."

"चढवतो आपा. ह्या दसऱ्याला बराबर लावतो वर."

हळद असती तर ती दसऱ्याच्या आदल्या दिवशी पोचली असती. माथा उतरला. दगडाची पाटी चार गड्यांनी दोरावरून खाली घेतली आणि हळदीच्या रिकाम्या पोत्यांत गुंडाळून जिन्याखाली ठेवली. त्या दसऱ्याला गवंडी कारखान्याच्या कामावर गेलेला होता. पुढच्या दसऱ्याला चांगला चुना मिळत नव्हता. त्यानंतर ढोलाला मोटर बसवायची होती. एकही कारण खोटं नव्हतं, एवढं मात्र खरं. तिसऱ्या वर्षी आपाचा थोरला मुलगा तिला न्यायला आला. तिने मायला तिचं पानदान दिलं आणि मला उर्दू कायदा, म्हणजे अक्षरओळखीचं पुस्तक. टांग्यात बसताना तिने अण्णांना फक्त एकच शब्द विचारला, 'नाम?' आणि अण्णांनी तेच उत्तर दिलं जे दर वर्षी देत होते. टांगा वळल्यावर ती मान वळवून वर पाहत होती. वर काही नव्हतं, सपाट छत होतं.

नंतर तिच्या मुलांनी इमारत अण्णांनाच विकली. काही वर्षांनी हैदराबादहून ती गेल्याचं कार्ड आलं. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांना वाईट वाटलं नसेल असं मी कधीच म्हणणार नाही. वाईट वाटणं हे त्यांनी मनापासून केलं. मग एका उन्हाळ्यात त्यांनी माथा बांधायला काढला, सिमेंटचा, लहान, मजबूत, बोलल्याप्रमाणे. मी नुकतीच शिक्षिका झाले होते आणि सुट्टीत घरी होते. अण्णा मला म्हणाले, तुझं अक्षर वळणदार आहे, भिंतीवर खडूने नाव काढून दे, गवंडी त्यावर सिमेंटने उठवेल. काय नाव, असं मी विचारलं. ते म्हणाले, रामराव निवास. मी जुन्या पाटीचा विषय काढला. ते म्हणाले, "आता उर्दू कोण वाचणार गं?" हे ते हातात उर्दू पेपर धरून म्हणाले.

मी शिडीवर चढले आणि अक्षरं काढली. 'रा'चा काना जरा लांब झाला, तो पुसून पुन्हा काढला. मला आपाने अलिफ शिकवला होता आणि मी तिथे बापाच्या बापाचं नाव वळणदार काढत होते, आणि खालून लोक म्हणत होते काय सुंदर अक्षर आहे पोरीचं. मला लाज वाटली का, असं मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. खरं उत्तर असं की त्या दिवशी मला अभिमान वाटला. लाज नंतर आली, सावकाश, आणि आली ती गेली नाही. इब्राहीमसेठची पाटी मायने जिन्याखालून काढून पाण्याच्या ओट्यावर बसवली, रांजण ठेवायला. अक्षरं खाली केली. कुणाचा पाय लागायला नको म्हणून उलटी ठेवली, असं ती म्हणाली. उलटी ठेवल्याने ती कुणाला दिसायचीही नाही, हे ती बोलली नाही. तेव्हापासून आम्ही त्या नावावरचं पाणी पितो आहोत.

तर अहवाल. त्यात रामराव हे निर्माते असल्याचा पुरावा म्हणून एक फोटो छापलाय. माथ्यावरच्या नावाचा. फोटोखाली लिहिलंय, 'निर्मात्याचे नाव, तत्कालीन देवनागरी अक्षरशैलीत'. ती शैली माझी आहे. मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने वसमतला गेले.

ज्या मुलीने तो अहवाल लिहिला, तन्वी तिचं नाव, ती दिगूने बोलावल्यामुळे आलेली होती. हुशार, नम्र पोरगी, पायात बूट आणि खांद्यावर मोठी पिशवी. तिने मला वाकून नमस्कार केला आणि छज्ज्याच्या खालचा खरवडलेला तांबडा थर दाखवला. चुना फसल्यावर अण्णांनी लिंबाजीकडून चुन्यात हळद कालवून उरलेली भिंतही एकसारखी लाल करून घेतली होती, तिचाच तो अवशेष. तो रंग परदेशातला असावा असं तिचं मत होतं. मी म्हटलं, असेल. दिगूला म्हटलं, आधी एक ग्लास पाणी दे. दिगू म्हणाला, "आक्का, तू बस, मी आणतो." मी म्हटलं, मीच येते, मला ओटा बघायचाय.

ओट्यावर आता रांजणाच्या जागी पाण्याचं मशीन आहे. ते मी दिगूच्या पोरांकडून हलवून घेतलं आणि दगड उलटा करायला सांगितलं. दिगूला ते आवडलं नाही, तरी त्याने हात लावला. दगड उलटला तेव्हा खालची बाजू काळी, मातकट, कशाचं कोरीव आहे हेही कळेना. तन्वी वाकून पाहत म्हणाली की झीज झालेली दिसते, वाचता येणार नाही. मी दिगूसमोर हात पुढे केला आणि त्याच्या खिशातली तंबाखूच्या चुन्याची डबी मागितली.

"काहून?" तो म्हणाला.

"दे."

वाटीत पाण्यात तो सगळा चुना कालवला आणि फडक्याने दगडावर फासला. कोरलेल्या अक्षरांत एवढ्या वर्षांची हळद होती. आपाचा गडी सांगायचा तशीच घट्ट बसलेली. क्षणभर काहीच झालं नाही. मग अलिफ लाल झाला. मग बे, रे. एकेक करून सगळं नाव वर आलं, भिंतीवर भेगा आल्या होत्या तसंच. तन्वीच्या हातातला मोबाईल तसाच राहिला. तिने विचारलं, हे काय लिहिलंय, आणि मी उजवीकडून डावीकडे बोट फिरवत वाचलं, आपाने शिकवलं होतं तसं. मग तिला सगळं सांगितलं: धावा, ढोल, चुना, शिडीवरची मी. ती लिहून घेत होती. दिगू भिंतीला टेकून उभा होता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं, आणि मला त्याची दया आली. तो वाईट माणूस नाही. आमच्यात वाईट कुणीच नव्हतं.

मग दिगू म्हणाला, "आक्का, लावू की मग वर. ह्या दसऱ्याला बराबर लावतो."

अण्णांचाच आवाज, अण्णांचेच शब्द. त्याला ते कुणी शिकवले नव्हते.

"दसऱ्याला न्हाई," मी म्हटलं. "आज. गवंडी कोण असतो सध्या, त्याला फोन कर."

त्याने फोन केला. गवंडी जेवून येतो म्हणाला. तन्वी म्हणाली, मावशी, तोवर आत येऊन बसा, ऊन आहे. मी खुर्ची दगडाजवळ ओढून घेतली आणि गवंडी येईपर्यंत तिथून हलले नाही. आमच्या घराला मी ओळखते.